डब्यात पाणी नको

विषय दिलाय 'तळणाच्या तेलापासून इंधन'. रसायनाकडे मी येणारच आहे, पण आधी डब्याबद्दल बोलू द्या. माझा ठाम अनुभव आहे, की या इंधनाचं बरंवाईट कारखान्याच्या फार आधी ठरतं, स्वयंपाकघरातल्या साठवणीच्या डब्यात.

आमचा शंभर लिटरचा पहिलाच घाणा. घरोघरचे डबे एका पिंपात रिकामे केले. त्यातल्या एकात कुणीतरी कढई विसळलेलं पाणी ओतलं होतं. वरून कळणार कसं? तेल वर तरंगतं, पाणी तळाशी दडून बसतं. आम्ही मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, आणि कॉस्टिक सोडा घातला, ढवळलं, रात्रभर ठेवलं. सकाळी नळ सोडला तर धार येईना. वरून काठी खुपसली, ती उभीच राहिली. वरपासून खालपर्यंत पिवळट खळ. साबण! पाणी असलं, की कॉस्टिक तेलाचं इंधन होऊ देण्याऐवजी साबण करतं. महिनाभर गोळा केलेलं तेल गेलं, आणि ज्यांनी आठवणीनं डबे भरून दिले त्यांना काय सांगायचं, या विचारानं मी दोन दिवस जेवलो नाही. मागच्या रांगेत हसताय, म्हणजे डबे विसळणारे तिथेच बसलेत!

तेव्हापासून प्रत्येक डब्यातलं तळाचं चमचाभर तेल तापवून बघतो. तडतडलं, की पाणी आहे.

मोरीत ओतणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. 2017 साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात चरबीचा गठ्ठा सापडला. 250 मीटर लांब, 130 टन वजन. माणसांनी तो फोडून काढला, आणि त्यातल्या काही भागाचं पुढे बायोडिझेलच, म्हणजे तेलाचरबीपासूनचं डिझेलसारखं इंधन, झालं. म्हणजे गटारात उतरून जे काढलं, ते आधीच डब्यात ठेवता आलं असतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर रसायन. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, मग आपण तेल तसंच का ओतू नये? कारण ते डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असतं. आजच्या इंजिनाचे इंजेक्टर तुंबतात. म्हणून गाळून, सुकवून, साठेक अंशांवर मिथेनॉलशी त्याची क्रिया घडवायची. 100 किलो तेल, दहाएक किलो मिथेनॉल. हाती साधारण 100 किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन. पुन्हापुन्हा तळलेल्या तेलात मुक्त आम्लं जास्त असतात, त्याला आधी आम्लाची प्रक्रिया लागते. विमानाच्या इंधनाची वाट वेगळी, तिथे हायड्रोजन लागतो. 28 नोव्हेंबर 2023 ला लंडनहून न्यूयॉर्कला गेलेल्या विमानाचं बरंचसं इंधन वापरलेलं तेल आणि टाकाऊ चरबी यांपासूनच केलेलं होतं.

टेबलावर बाटल्या आहेत, जाताना बघा. वरचा मधाच्या रंगाचा थर बायोडिझेल, खालचा काळपट ग्लिसरीन. शेवटची बाटली त्या पहिल्या घाण्याची. तिचं झाकण उघडू नका, आत कॉस्टिक आहे.