चाळिसांतील एक जागा

मित्रहो, पत्रिकेत ‘दीर्घ दुखापत आणि बेसबॉल संघाची बांधणी’ असा विषय दिला आहे. त्या बांधणीविषयी मी बोलणारच आहे. परंतु वॉशिंग्टनच्या परिसरातील मराठी श्रोत्यांपुढे, ज्यांच्यापैकी अनेकांनी नॅशनल्स या इथल्या बेसबॉल संघाचे सामने मुलाबाळांसह पाहिले आहेत, त्या संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) स्टीफन स्ट्रासबर्ग याला ओलांडून पुढे जाणे मला शक्य नाही.

जून २०१० मधील पदार्पणातच त्याने १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले, आणि ऑगस्टमध्ये त्याच्या कोपराचा अस्थिबंध फाटला. मग टॉमी जॉन शस्त्रक्रिया. येथे थोडे थांबतो, कारण हे नाव आपण सर्रास घेतो आणि त्यामागचे धाडस विसरतो. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या उजव्या हातातील कंडरा काढून ती डाव्या कोपरात बसवली. १९७५चा हंगाम त्याने पूर्ण गमावला. पुढे १९८९पर्यंत खेळून त्याने आणखी १६४ विजय मिळवले. तेव्हापासून ‘वर्षभराने परत येईल’ या वाक्याचा आपल्याला फार आधार वाटतो.

स्ट्रासबर्गही परतला. २०१२ मध्ये १५ विजय त्याच्या नावावर असताना, सुमारे १५९ इनिंग (डाव) टाकल्यानंतर, हात जपण्यासाठी संघाने सप्टेंबरातच त्याला थांबवले. त्या ऑक्टोबरात बाद फेरीतील, कार्डिनल्स संघाविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्याला मी स्टेडियममध्ये होतो. त्याच्याविना खेळणाऱ्या नॅशनल्सकडे ६-० अशी आघाडी होती. विजयाला एक स्ट्राइक उरला असतानाही सामना निसटला आणि आपण ९-७ असे हरलो. माझ्या शेजारचे आजोबा बराच वेळ जागचे हलले नाहीत. तरीही संघाचा तो निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू हाच स्ट्रासबर्ग ठरला.

त्यानंतर त्याला सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला, आणि त्या कराराखाली तो केवळ आठ सामने खेळला. गळ्यापाशी, गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधील जागेत नसा व रक्तवाहिन्या दाबल्या जात होत्या. बरगडी काढूनही हात पूर्ववत झाला नाही.

पाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. दीर्घ दुखापत आपण खेळाडूच्या गमावलेल्या दिवसांत मोजतो. ती इतरांवर पडलेल्या इनिंगमध्ये आणि अडलेल्या जागांमध्ये मोजली पाहिजे. १६२ सामन्यांच्या हंगामात मुख्य पिचर नसला की त्याच्या इनिंग रिलीव्हरांच्या, म्हणजे सामन्यात मागाहून येणाऱ्या पिचरांच्या, खांद्यावर जातात आणि मायनर लीगमधील, म्हणजे खालच्या स्तरावरील, मुलाला तयारीआधीच वर आणावे लागते, म्हणजे एका दुखापतीतून दुसरीची शक्यता वाढते.

पगार तर हमीचा असतो. शिवाय वेतन-कराच्या, म्हणजे संघाचा एकूण पगार ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास लागणाऱ्या कराच्या, हिशेबात कराराची वार्षिक सरासरी, म्हणजे येथे साडेतीन कोटी डॉलर, धरली जाते. खेळाडू साठ दिवसांच्या दुखापत-यादीत गेला की चाळीस जणांच्या यादीतील, म्हणजे संघाला स्वतःकडे राखता येणाऱ्या खेळाडूंच्या मुख्य यादीतील, त्याची जागा मोकळी होते, पण हंगाम संपताच ती यादी मिटते आणि त्याला पुन्हा चाळिसांत घ्यावे लागते. नेमक्या त्याच हिवाळ्यात, इतर संघांनी उचलू नये म्हणून कोणत्या तरुणांना राखायचे हे ठरवताना, संघाकडे एकोणचाळीसच जागा उरतात. स्ट्रासबर्गचा शेवटचा सामना जून २०२२ मध्ये झाला आणि निवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये. या दोहोंच्या मधले दोन्ही हिवाळे नॅशनल्सने, नव्याने संघ उभारत असताना, याच हिशेबाने काढले.