दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली असं नाही

थंड पाणी प्यायलं, दाताला झिणझिणी आली आणि घोट गिळेपर्यंत गेलीसुद्धा, तर लगेच घाबरायचं कारण नाही. पण ग्लास खाली ठेवला तरी कळ अर्धा मिनिट, मिनिटभर तशीच ठणकत राहिली तर मात्र लक्ष द्या, कारण नुसतं सिमेंट भरून भागेल की रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या आतली खराब नस काढून ती पोकळी साफ करून भरणं, लागेल हे ठरवताना डेंटिस्ट आवर्जून विचारतात की दुखणं टिकतं किती वेळ.

आता दाढेचा उभा छेद डोळ्यांसमोर आणा. बाहेर पांढरं कडक इनॅमल, आत पिवळसर डेंटिन आणि मधोमध जी लालसर पोकळी असते तिथे पल्प. आपण त्याला दाताची नस म्हणतो, पण त्यात नसा, रक्तवाहिन्या, मऊ पेशी सगळंच असतं. कीड इथवर पोचली की पल्प सुजतो, आणि सुजायला जागाच नाही, चारी बाजूंनी टणक भिंती, मग आतला दाब वाढत जातो आणि तोच तो जीवघेणा ठणका.

रात्री तो वाढतो, कारण आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, उठून बसलं की जरा उतरतो. गरम चहाने कळ येते आणि गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटतं, असं होत असेल तर पल्प बहुतेक परत सुधारण्यापलीकडे गेलाय. माणसं उशाशी पाण्याची बाटली घेऊन रात्र काढतात हो. आणि नेमकी कुठली दाढ हेही कळत नाही, खालच्या दाढेची कळ थेट कानात जाते, म्हणून कित्येक जण आधी कान दाखवून येतात.

मग एके दिवशी दुखणं अचानक थांबतं. लवंगेचं तेल लागू पडलं असं वाटतं. त्यातल्या युजेनॉलने थोडा वेळ बधिरपणा येतो हे खरं, पण त्याने कीड जात नाही. खूपदा झालेलं असतं असं की पल्प मेलाय, म्हणून कळ नाही, आणि इन्फेक्शन मुळाच्या टोकातून हाडात उतरतंय. इथेच लोक सगळ्यात जास्त अंगावर काढतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच टप्प्याची वाटते.

यानंतरची लक्षणं वेगळी. भाकरी चावताना ती एकच दाढ उंच झाल्यासारखी वाटते, दात दाबला की दुखतो. हिरडीवर पुळी येते, फुटते, तोंडात खारट घाण चव येते, चार दिवस बरं आणि पुन्हा भरते, कळ मात्र नाही. लहानपणी बॉल लागलेला पुढचा दात वर्षांनी करडा पडत जातो, तोही दाखवून घ्या.

मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिक इथे पुरत नाही, औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या पल्पला रक्तच पोचत नाही. डेंटिस्ट दाताला गार कापूस लावतात, आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून बघतात, शेजारच्या चांगल्या दातावरही तेच करतात म्हणजे फरक कळतो, आणि एक्स-रे काढतात. त्यात मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली, तर तिथलं हाड विरघळलंय. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छही येतो, म्हणून तुम्ही सांगितलेली लक्षणं महत्त्वाची.

प्रत्येक दुखणं रूट कॅनालचं नसतं, हिरडी असते, तडा असतो, सायनस असतो. खर्चाची धास्ती असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहेत, तिथे प्रायव्हेटपेक्षा खूप कमी पैशात होतं.

पण सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास जड झाला तर सकाळची अपॉइंटमेंट बघू नका, त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलचं कॅज्युअल्टी गाठा.