मार्टिन हसतो, तू का नाही हसत?

नमस्कार मंडळी. मला विषय दिला होता "आठवणीतलं सोलापूर", आणि मी तयारी पण तीच केली होती, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, मिलचा भोंगा, हुरडा, कंबर तलाव, सगळं लिहून काढलं होतं. पण तीन आठवड्यांपूर्वी घरी एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून ते कागद हातात धरवेनात. म्हणून आज तेच बोलतो, थोडं इकडेतिकडे गेलं तर सांभाळून घ्या.

शनिवारी रात्री मी आणि माझी धाकटी, तेरा वर्षांची आहे, नेटफ्लिक्सवर 'प्रिटेंड इट्स अ सिटी' बघत होतो. २०२१ च्या जानेवारीत आलेली सिरीज, सात भाग, मार्टिन स्कॉर्सेसीने केलेली. आणि त्यात आहे काय, तर एक बाई बोलते, बस्स. फ्रॅन लेबोविट्झ. इथल्याच, आपल्या न्यू जर्सीतल्या मॉरिसटाऊनची, शाळेतून काढून टाकलेली, मग न्यूयॉर्कला येऊन टॅक्सी चालवली, लोकांची घरं साफ केली, १९७८ आणि १९८१ मध्ये लेखांची दोन पुस्तकं आली ती गाजली, आणि नंतर लिहिणं अडलं ते अडलंच. पण बोलणं नाही अडलं. बाईकडे मोबाईल नाही, कॉम्प्युटर नाही. ती रस्त्याने चालते आणि बघते. फुटपाथच्या मधोमध उभे राहणारे लोक, फोनमध्ये डोकं घालून चालणारे लोक, सबवे, टाइम्स स्क्वेअर, सगळ्यांवर चिडते, आणि चिडता चिडता असं काहीतरी बोलते की समोर बसलेला स्कॉर्सेसी खुर्चीत वाकून वाकून हसतो. एवढा मोठा दिग्दर्शक, पण सातही भाग त्याचं मुख्य काम काय तर ऐकणं आणि हसणं.

तिसरा भाग संपला आणि पोरगी म्हणाली, "बाबा, आजोबा पण सेम असंच बोलतात ना? मग मार्टिन हसतो तसा तू का नाही हसत? तू तर लगेच गोळी घेतली का विचारतोस."

मी काय बोलणार. खरं होतं ते.

आमचे अण्णा मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर टॉवेलच्या कारखान्यात लागले, आता काही वर्षं घरी आहेत, पण सकाळ-संध्याकाळ गावात चक्कर असते, नवी पेठ, पार्क चौक, चार पुतळे, तिथून तलावाकडे. आणि रविवारी मी फोन केला की त्यांच्याकडे आठवडाभराचं साठलेलं असतं. उन्हाळ्यात म्हणतात, "आपल्याकडं आता सावली बी सावलीला बसलालीय." पाणी काही दिवसांआड येतं, ते आलं की म्हणतात, "रात्री दोनला आख्ख्या गल्लीची दारं उघडी, लाईट चालू, घागरी बाहेर, मला वाटलं कुणाचं लग्न हाय." ज्या किराणा दुकानात जातात तिथलं वर्णन असं की भाव कन्नडात सांगतो, भांडण तेलुगूत करतो आणि उधारी मात्र मराठीत लिहितो. मला सांगा, हे आपलं गाव एका वाक्यात बसवलेलं आहे की नाही? मी तीस वर्षं तिथे राहिलोय, मला कधी सुचलं नाही.

आणि मी काय करतो? "हां हां अण्णा, बीपी किती होतं?"

ही फक्त माझीच गोष्ट आहे असं मला वाटत नाही, आणि राग मानू नका, पण आपण सगळे सोलापूर सोलापूर करतो तेव्हा नेमकं कुठलं सोलापूर म्हणतो? बारा दिवसांच्या सुट्टीत तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, चादरी-शेंगाचटणीची खरेदी, कडक भाकरीचे पुडे, आणि पुण्याला परत. आपण सोलापूरला जात नाही, सोलापूरवरून जातो.

त्या सिरीजमध्ये फ्रॅनबाई एका मोठ्या मॉडेलमध्ये चालताना दाखवली आहे. ते इथेच आहे, क्वीन्स म्युझियममध्ये. १९६४ च्या वर्ल्ड्स फेअरसाठी बनवलेलं आख्खं न्यूयॉर्क, एक इंच म्हणजे शंभर फूट, पाचही बरो म्हणजे शहराचे पाचही विभाग, जवळजवळ नऊ लाख इमारती. पोरीच्या हट्टापायी आम्ही पुढच्याच आठवड्यात बघून आलो. तिथे कठड्याला टेकून उभं राहिलो ना, तेव्हा मला एकदम धस्स झालं. २००१ नंतर कितीतरी वर्षं या मॉडेलमध्ये ट्विन टॉवर्स तसेच उभे ठेवले होते. आणि मला वाटलं, माझ्याही डोक्यात असंच एक सोलापूर आहे, त्यात १८७७ ची जुनी मिल चालू आहे, नरसिंग गिरजी चालू आहे, लक्ष्मी-विष्णू चालू आहे, भोंगा वेळेवर वाजतो, आई धुराकडे बघून वाळवण आत घेते. सगळं आहे, पण त्यात रस्त्यावर एक माणूस नाही.

माणसं अण्णांच्या सोलापुरात आहेत. पण मला ते नको असतं. मी विचारतो गड्डा कसा झाला, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची मिरवणूक, आणि ते मला सांगतात की होम मैदानावर या वर्षी पाळण्यापेक्षा पाळण्याचा फोटो काढायची लाईन मोठी होती. २०२३ च्या जूनमध्ये विमानतळाजवळची साखर कारखान्याची ती चिमणी पाडली तेव्हा मी हळहळत फोन केला, तर म्हणाले, "मिलच्या चिमण्या आपोआप इझल्या रे, तवा कोण बघाया बी आलं न्हाई. हिला पाडायला मात्र आख्खं गाव जमलंय." मी त्यावर विचारलं, अण्णा जेवण झालं का.

एकच अजून सांगतो. चार पुतळ्यापाशी शेअर रिक्षा थांबतात. अण्णा एकदा म्हणाले, "दिवसभर चार पुतळा, चार पुतळा म्हणून ओरडतेत, एकाचं बी नाव न घेता." मी हो हो म्हटलं आणि विसरलो. पण तेव्हा फोन स्पीकरवर होता. त्या दिवशी म्युझियममधून येताना गाडीत पोरीने चारही हुतात्म्यांची नावं घेतली, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, आणि त्यांच्या फाशीची तारीख पण, १२ जानेवारी १९३१, येरवडा. मला जगन्नाथ शिंद्यांपाशी अडखळायला झालं असतं. तिने नंतर कधीतरी आजोबांना स्वतः फोन करून विचारलं होतं म्हणे. इथे जन्मलेली पोर आहे ही, आणि मी हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं बघत मोठा झालोय.

तर गेल्या रविवारी मी ठरवून बसलो. म्हटलं आज गोळी नाही, बीपी नाही, काही नाही, नुसतं ऐकायचं. चहा घेतला, पोरगी शेजारी बसली, फोन लावला आणि म्हटलं, "अण्णा, काय चाललंय गावात? सांगा की."

अण्णा म्हणाले, "काय न्हाई बाळ, बरं हाय सगळं. गोळी घेतलो."

मी अजून विचारलं पण नव्हतं.

म्हटलं, नाही अण्णा, ते नाही, चक्कर मारायला गेला होता ना, काय बघितलं? तर म्हणाले, "तुला कामं असतील रे, ठेव." मग पोरीने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "आजोबा, मला टाइम आहे. आज पुतळ्यापाशी काय झालं?"

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. पंख्याचा आवाज येत होता नुसता.