तान्हा पोळा करून गेला की दिवाळी करून?

नमस्कार श्रोतेहो. परवा नागपूरला धंतोलीतल्या माझ्या कर-सल्ल्याच्या ऑफिसात एक काकू आल्या. हातात मुलाच्या पासपोर्टची झेरॉक्स. मुलगा राहतो बर्लिनला, कंपनी लंडनची, काम घरूनच, लॅपटॉपवर.

"भाऊ, पगार तिकडचा. मग इथं कायचा टॅक्स?"

मी विचारलं, "काकू, गेला कधी?"

"दिवाळीचा फराळ करून."

इथंच घोडं पेंड खातं. आपलं करवर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात 182 दिवस इथे राहिला, की अख्ख्या वर्षापुरता तो निवासी, म्हणजे बाहेरच्या कमाईवरही इथे कर. एप्रिलपासून इथेच असेल तर 29 सप्टेंबरला 182 भरतात. हाच मुलगा तान्हा पोळा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरातला पोळ्याचा दुसरा दिवस, करून गेला असता, तर अनिवासी ठरून बर्लिनचा पगार सुटला असता. अर्थात तो पगार थेट सीताबर्डीच्या बँकेत यायला नको, नाहीतर इथे मिळालेलं उत्पन्न म्हणून धरला जाऊ शकतो. 1 एप्रिल 2026पासून 1961च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा आला, पण 182चा आकडा तोच आहे.

म्हणजे दोनदा कर? नाही. कंपनी लंडनची असली तरी काम बर्लिनला बसून होतं, म्हणून जर्मनी कर घेणार. भारत-जर्मनी करारामुळे तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून वजावट, मिळतं. गोची कागदांची आहे. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. नोव्हेंबर-डिसेंबरचा पगार त्यांच्या एका वर्षात, जानेवारी ते मार्चचा दुसऱ्या वर्षात, आणि आपल्याकडे मात्र सगळा एकाच रिटर्नमध्ये. तेव्हा पुरावे दोन्ही वर्षांचे जपून ठेवायचे. तिकडचं बँक खातंही रिटर्नमध्ये दाखवायचं.

मुलाचा प्रतापनगरचा फ्लॅट भाड्याने आहे, हे काकू उठता उठता बोलल्या! मुलगा अनिवासी झाला की भाडेकरूनेच भाडं देतानाच 31.2 टक्के कर (टीडीएस) कापून सरकारकडे भरायचा असतो, भाडं कितीही असो. बिचाऱ्या भाडेकरूला हे कोणी सांगतच नाही.

काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. "धाकटीही यंदा तिकडे नोकरीला जाणार आहे. गणपती आटोपले की 26 सप्टेंबरलाच पाठवते. पितृपक्षात नको."

"179 दिवस होतात काकू. मग एप्रिलपर्यंत दोन दिवसांच्या वर घरी यायचं नाही."

"अन् दिवाळी?"

"व्हिडिओ कॉलवर."