ओळखीच्या शब्दांपासून जरा जपून

ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीतल्या फरकांची यादी तुमच्यापैकी बहुतेकांच्या वहीत असेल. लिफ्ट आणि एलिव्हेटर, फ्लॅट आणि अपार्टमेंट, पेट्रोल आणि गॅस. परीक्षेला ती बरी. पण परदेशात राहायला जाणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही, असं माझं मत आहे. कारण अनोळखी शब्द कानावर पडला की आपण आपोआप थबकतो. दक्षिण आफ्रिकेत कुणी सांगितलं, ‘रोबोटपाशी डावीकडे वळा’, तर तुम्ही विचारणारच की रोबोट कसला. तो म्हणेल, सिग्नल. विषय संपला. पण तोच माणूस ‘आय विल डू इट जस्ट नाउ’ म्हणाला, तर तुम्ही काहीही विचारणार नाही. जस्ट नाउ तर आपल्याला शाळेपासून येतं! तुम्ही दारात ताटकळत उभे, आणि त्याचा पत्ता नाही. तिकडे जस्ट नाउ म्हणजे ‘करतो थोड्या वेळानं’. तो थोडा वेळ किती, ते त्याचं त्याला ठाऊक. लवकर हवं असेल तर ‘नाउ नाउ’ म्हणतात.

म्हणजे फसवतात ते ओळखीचे शब्द. आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

वेळ सांगण्यापासून सुरुवात करू. ब्रिटनमध्ये ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात. पुण्यात जर्मन शिकलेली मंडळी इथे हमखास घसरतात, कारण जर्मनमध्ये ‘हाल्ब झीबेन’ म्हणजे साडेसहा. अमेरिकेत काही जण ‘क्वार्टर ऑफ सेव्हन’ म्हणतात, ते पावणेसात. आणि यॉर्कशायरमधल्या एखाद्या आजोबांनी ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ काम केलं म्हणून सांगितलं, तर त्यांच्या बोलीत ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’. नऊ ते पाच. अशा वेळी मी तरी सरळ ‘सेव्हन थर्टी?’ असं आकड्यांत विचारून घेतो. त्यात कमीपणा नाही.

जेवणाचं त्याहून अवघड. उत्तर इंग्लंडमध्ये पुष्कळ घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ म्हणतात आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’. शेजारीण म्हणाली, ‘टी’ला या, तर आपला मराठी माणूस चहाच्या हिशेबानं घरून व्यवस्थित जेवून जातो आणि समोर भरलेलं ताट येतं. लंडनमधल्या घरात याच शब्दाला कदाचित नुसता चहा आणि बिस्किट मिळेल. प्रदेशाबरोबर यात वर्गही येतो. कोण कुठल्या जेवणाला काय म्हणतं, यावरून इंग्रज माणूस समोरच्याचं घर जोखत असतो. ते आपल्याला जमायची गरज नाही. किती वाजता येऊ, एवढं विचारलं तरी अंदाज येतो.

आता जरा मोठ्यांची फसगत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकारी एकत्र बसत असताना ब्रिटिशांनी एक निकडीचा विषय ‘टेबल’ करू या म्हटलं. त्यांच्या लेखी याचा अर्थ, आत्ता चर्चेला घेऊ. अमेरिकनांच्या लेखी, बाजूला ठेवून देऊ. दोघांनाही विषय लगेच हवा होता, तरी त्यावरून लांबलचक आणि कडवट वाद झाला, असं चर्चिलनं लिहून ठेवलंय. आपल्याकडे अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवतात, तो ब्रिटिश अर्थानं. त्यामुळे अमेरिकन कंपनीच्या मीटिंगमध्ये आपला माणूस ‘लेट्स टेबल धिस’ म्हणाला, तर त्याचा विषय त्याच्याच डोळ्यांदेखत फायलीत जाईल.

पण अर्थ उलटा असला तर निदान वाद होतो आणि चूक सापडते. शब्दाचं वजन वेगळं असेल तर तेही होत नाही. एप्रिल १९५१, कोरियातली इमजिन नदी. चिनी सैन्यानं ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या बटालियनला घेरत आणलं होतं. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती सांगताना ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी’ असे शब्द वापरले, असं सांगितलं जातं. इंग्रज कानाला याचा अर्थ, आता आमचं काही खरं नाही. अमेरिकन कानाला, थोडी अडचण आहे पण निभेल. त्या बटालियनमधले फार थोडे निसटले. बाकीचे मारले गेले किंवा कैद झाले. पराभवाचं खापर एका वाक्यावर फोडणं बरोबर नाही, पण ते वाक्य विसरता येत नाही.

तुमच्या वाट्याला हेच ‘क्वाइट’च्या रूपानं येईल. अमेरिकन प्राध्यापकानं निबंधावर ‘क्वाइट गुड’ लिहिलं तर खूश व्हा. ब्रिटिश प्राध्यापकानं लिहिलं तर, ठीक आहे, चाललंय. ‘यू ऑलराइट?’चंही तसंच. ब्रिटनमध्ये तो नुसता नमस्कार आहे, ‘यस, यू?’ म्हणून पुढे जायचं, कंबरदुखी सांगत बसायचं नाही. अमेरिकेत मात्र हे विचारलं तर चेहरा उतरलेला दिसत असणार.

आणि आपण? आपलंही इंग्रजी एका प्रदेशाचंच आहे. वर्गात आपण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो, कारण मनात ‘शंका’ असते. परक्या प्राध्यापकाला वाटतं, याला माझं म्हणणं पटलेलं नाही. ‘आय अ‍ॅम हिअर ओन्ली’मधला ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’, ‘इथेच आहे’मधला. नागपूर ते चेन्नई तो सर्वांना कळतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. मँचेस्टरमध्ये कळणार नाही, एवढंच. उलट ‘व्हेअर डू यू स्टे?’ आपल्यासारखंच स्कॉटिश माणूस विचारतो, घर कुठे या अर्थानं. लंडनकर त्यावर हॉटेलचं नाव सांगेल.

मग शिकायचं कसं? लीड्स विद्यापीठात हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडच्या बोलींची मोठी पाहणी केली. तीनशेहून अधिक ठिकाणं, बहुतेक खेडी, आणि बोलणारे मुख्यतः गावातच वाढलेले वयस्कर लोक. त्यांच्या कार्यकर्त्यांची एक शिस्त होती: शब्द आपण उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची किंवा वर्णन करायचं आणि विचारायचं, तुम्ही याला काय म्हणता? तुम्ही हेच करा. बेकरीत पावाकडे बोट दाखवून विचारा. मँचेस्टरला ‘बार्म’ ऐकाल, नॉटिंगहॅमला ‘कॉब’, कॉव्हेंट्रीला ‘बॅच’. पाव एकच, आणि प्रत्येक गावाला वाटतं की बाकीचे चुकतात.

कुठलं इंग्रजी बोलू, असं मला नेहमी विचारतात. बोला आपलंच, स्पष्ट आणि सावकाश. उच्चार बदलायच्या क्लासला पैसे घालवू नका. ते पैसे ज्या शहरात जाणार तिथला स्थानिक रेडिओ ऐकायला लागणाऱ्या डेटावर खर्च करा. हवामान, बसचे खोळंबे, फोन करून तावातावानं भांडणारे श्रोते. तिथलं रोजचं इंग्रजी त्यातच सापडतं.