बाणावर काय लिहिलंय?

(पडद्यावर पायथन या संगणक भाषेतला तीन ओळींचा प्रोग्रॅम)

'अ' नावाची लिस्ट, म्हणजे आकड्यांची यादी आहे: 1, 2, 3. पुढची ओळ, ब = अ. मग 'ब'मध्ये 4 जोडला. आता 'अ' प्रिंट केली तर काय दिसेल?

नाशिकमधल्या कुठल्याही कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये हा प्रश्न टाकून बघा. 'एक, दोन, तीन' असं ठामपणे सांगणारी मुलं हमखास भेटतील. पायथन मात्र चारही आकडे छापतो. गंमत म्हणजे याच मुलांचे प्रोग्रॅम रोज चालतात, जर्नलवर सह्या होतात, व्हायवात व्याख्या घडाघडा येतात. मग अडतं कुठे?

(कोरा कागद, पेन्सिल)

ते शोधायची एक रीत म्हणजे संकल्पना नकाशा. 1972 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हॅक आणि त्यांचे सहकारी मुलांची विज्ञानाची समज कशी बदलते ते पाहत होते. मुलाखतींच्या ढिगातून ती समज नेमकी दिसावी म्हणून त्यांनी हे नकाशे काढले. पाठीशी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार होता: नवं ज्ञान रुजतं ते आधीच्या ज्ञानाला धरून.

चौकटीत संकल्पना, दोन चौकटींमध्ये बाण. नुसता बाण चालत नाही, त्यावर नातं लिहावं लागतं. 'व्हेरिएबल' (म्हणजे 'अ', 'ब'सारखं नाव) आणि 'लिस्ट' यांच्यामध्ये मूल लिहितं, 'साठवतं'. इथेच सापडलं! व्हेरिएबल म्हणजे डबा, असं आपणच शिकवलेलं असतं. मग ब = अ म्हणजे दुसरा डबा भरला, पहिल्याला धक्का नाही. सी भाषेतल्या साध्या पूर्णांकापुरतं ते बरोबरही आहे. पायथनमध्ये मात्र मेमरीत लिस्ट एकच, तिला नावं दोन.

एक आग्रह आहे. दिंडोरी, निफाड, सिन्नरहून एसटीनं येणाऱ्या मुलांना बाणावर मराठीत लिहू द्या. पुस्तकातलं इंग्रजी 'रेफर्स टू' पाठ करून लिहिता येतं. 'ठेवतं' की 'दाखवतं', हे ठरवायला विचारच करावा लागतो.

(गोवर्धन, मुक्त विद्यापीठाचा परिसर)

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून नाशिकमध्ये आहे. इथल्या विद्यार्थ्यांसमोर शिक्षक रोज नसतात. त्यांच्यासाठी असा कागद फार मोलाचा.

दूरच्या दोन चौकटी जोडणारा आडवा बाण सर्वांत बोलका. 1984 साली नोव्हॅक आणि गोविन यांनी सुचवलेल्या पद्धतीत साध्या बरोबर जोडणीला 1 गुण, अर्थपूर्ण आडव्या जोडणीला 10. 'फंक्शनला दिलेली लिस्ट आत बदलली तर बाहेरही बदलते' हे ज्याला जोडता आलं, त्याला विषय उमगतोय. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी, कोणत्या क्रमानं फिरतो, हे मात्र नकाशातून कळत नाही. त्यासाठी ओळीमागून ओळ हातानं ट्रेस करायलाच हवी.

(पुन्हा लॅब)

चुकलेला बाण शिक्षकांनी खोडू नये. 'आयडी' फंक्शननं 'अ' आणि 'ब' ज्या लिस्टची नावं आहेत तिचा ओळख क्रमांक छापायला सांगावं. एकच येतो. मग 'ब'ला 'अ'ची कॉपी द्यायला लावावी. आता क्रमांक दोन होतात, आणि मुलाच्या नकाशात एक नवी चौकट लागते: कॉपी.