पन्नास वर्षं उशिरा आलेली गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुणाच्या लग्नाची पन्नाशी आली, कुणाची एकसष्टी आली, की आपण नागपूरकर काय करतो? लॉन बुक करतो. तीनशे पानं, स्टेजवर सिंहासनासारख्या दोन खुर्च्या, आणि ज्यांचा समारंभ त्यांनाच शेवटी जेवायला मिळतं, तेही गार झालेलं. मी आज म्हणणार आहे की लॉन सोडा. एक रात्र आगगाडीत घाला, आणि ती चांगल्या डब्यात घाला.

चांगला डबा म्हटलं की काहींना लगेच पॅलेस ऑन व्हील्स आठवेल. राजस्थानची ती गाडी २६ जानेवारी १९८२ ला सुरू झाली. आपल्या महाराष्ट्राची डेक्कन ओडिसी आली २००४ मध्ये. निळी गाडी, आत जणू हॉटेलच. कोविडमध्ये थांबली होती, २०२३ मध्ये पुन्हा निघाली. जरूर जा, पण तिचं माणशी भाडं लाखांत असतं आणि सफर आठवडाभराची. मी बोलतेय ते एका रात्रीचं, आपल्या नेहमीच्या मुंबई-नागपूर गाडीला लागणाऱ्या फर्स्ट एसीचं. त्यात केबिन म्हणजे चार बर्थ आणि कूपे म्हणजे दोनच. दार आतून लावलं की ती खोली तुमची.

एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेवा, मी पुन्हाही सांगणार आहे. कूपे मागून मिळत नाही. तिकीट फर्स्ट एसीचं मिळतं; कूपे की केबिन, हे चार्ट लागल्यावर कळतं. नवरा-बायको एकाच तिकिटावर असले तर बहुतेक कूपे देतात. बहुतेक म्हणाले, हं मी.

आता हे मला कसं माहीत, तर त्यासाठी १९७४ सालात जावं लागेल.

माझी आई अकोल्याची. वैशाखातला मुहूर्त धरला होता. आजोबांना मुलीची हौस फार. त्यांनी नवरा-नवरीसाठी अकोला ते नागपूर पहिल्या वर्गाची दोन तिकिटं आधीच काढून ठेवली होती. आईनं तोपर्यंत पहिल्या वर्गाचा डबा फक्त फलाटावरून बघितलेला. आणि ८ मे १९७४ ला रेल्वेचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस यांचं नेतृत्व, सतरा लाखांच्या आसपास कामगार, वीस दिवस. २७ मेला संप मागे घेतला तोवर आईची हळद उतरून गेली होती.

वऱ्हाड नागपुरात परतलं ते कापसाच्या ट्रकमधून. अकोल्यात तेवढी एक गोष्ट कधीही मिळते. खाली सतरंजी, कडेला रुखवताच्या पेट्या, आणि ड्रायव्हरशेजारी शालू नेसलेली आई. अमरावतीपर्यंत ठीक चाललं. कोंढाळीजवळ ट्रक बंद पडला. मग नवरदेवासकट सगळे खाली उतरले आणि ढकलायला लागले. बाबांच्या मुंडावळ्या तेव्हा सुटल्या त्या सापडल्याच नाहीत.

आई ही गोष्ट लग्नाच्या दर वाढदिवसाला सांगायची आणि शेवटचं वाक्य ठरलेलं. "तिकिटाचे पैसे परत आले, पण गाडी काही आली नाही."

तर २०२४ च्या मे महिन्यात, पन्नासाव्या वर्षी, मी आणि दादानं ती गाडी आणायचं ठरवलं. मुंबईला मावशीकडे दोन दिवस घेऊन गेलो, आणि येताना दोघांचं फर्स्ट एसी काढलं. आम्ही दोघं भावंडं मागच्या थर्ड एसीत. चार्ट लागायच्या दिवशी बाबा सकाळपासून मोबाईल हातात घेऊन बसलेले. मी म्हटलं, बाबा, दहावीचा निकाल नाहीये. लागला एकदाचा. कूपे!

आईनं आत पाऊल टाकलं आणि आधी काय केलं असेल? आरशाखालचं टेबल पदरानं पुसलं. मग चादर हातानं दाबून बघितली. मग वर बघितलं, कारण कूपेत एक बर्थ खाली असतो आणि एक वर. बाबा शहात्तरचे, आई बहात्तरची. वर कोण चढणार? वर गेली आईची बॅग, पुऱ्यांचा डबा आणि मावशीनं दिलेला पापडांचा पुडका. पन्नाशीच्या रात्री अख्खा बर्थ पापडांनी भोगला.

कसाऱ्याला गाडी थांबली. तिथं मागून जादा इंजिन लागतं, कारण थळ घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. मी खिडकीतून हे बघायला त्यांच्याकडे गेले होते. मागून हलका धक्का बसला तशी आई म्हणाली, "बघा, कोंढाळीचेच लोक आलेले दिसतात."

(जाता जाता एक बोलून घेते. रात्री अकरानंतर फोनवर मोठमोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला पुढच्या स्टेशनावर उतरवायची सोय हवी. माझ्या डब्यात एक गृहस्थ इगतपुरीपासून भुसावळपर्यंत प्लॉटचा भाव सांगत होते. प्लॉट बेसा रोडचा, भाव ऐकून मला झोप लागली नाही ती लागलीच नाही.)

पण खरा बेत होता अकोल्याचा. गाडी पहाटे साडेतीन-चारला अकोल्यात येते, दोन-तीन मिनिटं थांबते. मी मामाला सांगून ठेवलं होतं. मामा आता ऐंशीचा. तो आणि मामी ओटीचं सामान घेऊन फलाटावर उभे. खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, सगळं ताटात, वरून रुमाल झाकलेला.

मी धावत कूपेशी गेले. आई जागीच होती, बाबांच्या पायांशी खिडकीला टेकून बसलेली. बाबा घोरत होते. आई म्हणाली, "राहू दे त्यांना, पन्नास वर्षं झाली, अजून काय ऐकायचं राहिलं." आणि खाली उतरली, अटेंडंटनं दिलेल्या चादरीची शाल करून.

फलाटावरच्या पांढऱ्या दिव्याखाली मामीनं ओटी भरायला घेतली. मामा नुसता उभा. मग म्हणाला, "बाई, तवा ट्रकमधी बसवलं तुले. आता गाडीत बस." आईला हुंदका आला आणि तेवढ्यात गाडीला हिसका बसला. अटेंडंट ओरडला, मी आईचा दंड धरला, दादा वरून ओढतोय, तांदूळ सांडले आणि नारळ पदरातून निसटून फलाटावर गडगडत गेला. मामा, ऐंशीचा माणूस, नारळामागे चार पावलं पळाला. आम्ही दारात, तो खाली, गाडी सुटली.

बडनेऱ्याला बाबांना जाग आली. "अकोला गेलं का वो?"

"गेलं."

"मग मले उठवलं काऊन नाही?"

आईनं पदरातले उरलेले तांदूळ मोजल्यासारखे केले आणि म्हणाली, "तुम्ही तेव्हाही ट्रकमध्ये झोपलेच होते."

अरे, घड्याळ बघा! कामाचं पटापट सांगून टाकते. एक, पुन्हा तेच: कूपे मागून मिळत नाही, चार्ट लागेपर्यंत कुणाला कबूल करू नका. दोन, दोघंही वयस्कर असतील तर कूपेपेक्षा केबिनच बरी. चौघांचं एकत्र तिकीट काढा, म्हणजे दोन खालचे बर्थ मोठ्यांना मिळतील. तीन, केक न्या, पण मेणबत्ती नको. डब्यात ज्योत पेटवायला मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. आणि सकाळी नागपूर आलं की घाईनं कॅबकडे पळू नका. सावनेरच्या दगडातली १९२५ सालची ती इमारत बाहेर येऊन, मागे वळून, एकदा नीट बघा. रोज येता-जाता आपण फक्त पार्किंगची पावती बघतो. मग पोहे. तर्री वेगळी मागा, वर ओतू देऊ नका. ओतलेली तर्री म्हणजे पोह्यांचा अपमान आहे, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

नारळाचं विचाराल, तर मामानं तो चौथ्या दिवशी नागपूरला येणाऱ्या एका शेजाऱ्याच्या हाती पाठवला. शेंडी तुटलेली, एका बाजूला डांबर लागलेलं. आईनं तो देवापुढे आठ दिवस ठेवला आणि मग वड्या केल्या. बाबांना दोन जास्त दिल्या.

नमस्कार.